लिव्हरवर्टच्या बाई

कॉलेजात त्यांना तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे ओलबाई. हे नाव कुठल्या पोरानं ठेवलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्यानं उगीच ठेवलं नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे एक अंधारी खोली होती, पूर्वी तिथं मोडकी बाकं टाकत. बाईंनी ती भांडून मिळवली, खिडकीला हिरवं कापड लावलं आणि पसरट ट्रे मांडून त्यांत लिव्हरवर्ट वाढवायला घेतलं. लिव्हरवर्ट म्हणजे ओल्या भिंतीवर, नळाच्या कडेला, कुंडीतल्या मातीवर चिकटून पसरणारी ती चपटी, फाटे फुटलेली हिरवी साल. आपण तिला शेवाळ समजून पुढं जातो. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. खालच्या अंगाला केसांसारखे धागे असतात, त्यांनी ती मातीला धरून राहते, आणि हवा कोरडी पडली की आक्रसून कागदासारखी होते. अशा जिवाला जपायचं तर पाण्याचा फवारा सतत हाताशी हवा. बाईंच्या तो असायचाच. वर्गात जाताना, ऑफिसात सही करायला जाताना, एकदा तर प्राचार्यांच्या निरोप समारंभात फोटो काढतानासुद्धा. त्या फोटोत सगळ्यांच्या हातात फुलं आहेत आणि बाईंच्या हातात फवारा.

फवारा हातात नसला तरी काळजी होतीच. आभाळ भरून आलं की छत गळेल याची, नाही आलं की ट्रे सुकतील याची. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, जिना उतरून पुन्हा वर जायचं, पुन्हा ओढून बघायचं, आणि बसमध्ये बसल्यावर शेजारच्या बाईला विचारायचं, "मी कुलूप ओढून बघितलं ना हो?" त्या बिचारीनं बाईंना जन्मात पहिल्यांदा पाहिलेलं असायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बाईंना वैऱ्याची गरजच नव्हती.

पण या सगळ्या चिल्लर काळज्या. खरी काळजी एकच आणि ती घरी शिवणयंत्रावर बसलेली असे. लेक. नवरा लवकर गेला, त्यानंतर या दोघीच. लेक शाळेत असताना एकदा मैदानातच कोसळली, हातपाय झाडायला लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की या फिट्स आहेत, औषधं घ्यावी लागतील, बाकी मुलगी ठणठणीत आहे. त्यातलं "ठणठणीत" बाईंच्या कानात शिरलंच नाही. त्या दिवसापासून त्यांनी लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. लेक मोठी झाली, शिवणकाम शिकली, नाटकांचे कपडे बेतण्यात तिनं नाव कमावलं, तिशीला टेकली, पण एक रात्र कधी एकटी राहिली नव्हती. दिवसा बाई कॉलेजात असल्या तरी दर तासाच्या घंटेला फोन व्हायचा. "आहेस ना?" एवढंच विचारायचं. पलीकडून "आहे" असं आलं की बाईंचा पुढचा तास सुरू.

दोन वर्षं झाली, फिट आलेली नव्हती. दवाखान्यात हल्ली लेक एकटीच आत जायची, "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" म्हणायची. बाई बाहेरच्या बाकावर बसायच्या. डॉक्टर दारापर्यंत येऊन म्हणायचे, "छान चाललंय." बाई मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, औषधाचं काय घेऊन बसलात, मी डोळ्यांत तेल घालून बसलेय म्हणून चाललंय.

आणि अशात ते बोलावणं आलं. दूरच्या, रात्रभराच्या प्रवासाच्या शहरातल्या एका नाटक कंपनीनं लेकीला कपडेपटाची मुख्य कटर म्हणून बोलावलं. लेकीनं जेवताना सांगितलं, आवाज अगदी सपाट ठेवून. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

बाईंनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. "बघू," त्या म्हणाल्या.

आईचं "बघू" म्हणजे "नाही", हे जगातल्या कुठल्याही लेकराला शिकवावं लागत नाही. पण नवल म्हणजे लेकीनं वाद घातला नाही. तिनं पाण्याचा पेला सरळ केला आणि म्हणाली, "हो. बघू." बाईंना सुटल्यासारखं वाटलं. तरीही भांडली असती तर बरं, असं त्यांना का वाटलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाच्या वर्गाला तुलनेचा तास होता. हा तास बाई दर वर्षी घेत, आणि वर्गात कधी न दिसणारी पोरंसुद्धा त्याला येत. फळ्याच्या एका अंगाला लिव्हरवर्ट, दुसऱ्या अंगाला मेपलचं झाड. मेपलची फांदी झाडवाले सर आणून देत. सर मोठी झाडं शिकवत, स्वतःही ताडमाड होते, आणि बाईंच्या ट्रेकडे बघून दर वेळी "काय, पालेभाजी कशी आहे?" असं विचारत.

"दोन्ही घरांत दोन पिढ्या असतात," बाई सांगू लागल्या. "एकीच्या पोटी दुसरी, दुसरीच्या पोटी पुन्हा पहिलीसारखी. पुस्तकात त्यांना लांबलचक नावं आहेत, ती परीक्षेत लिहा. इथं आपण आई आणि लेक म्हणू. लिव्हरवर्टमध्ये जे हिरवं हिरवं दिसतं ना, ती आई. तिच्या अंगावर छत्र्यांसारखे दांडे येतात, त्या छत्रीखाली लेक लटकलेली असते, टाचणीच्या टोपीएवढी. तिला स्वतःचं काही नाही. आईचंच पाणी, आईचंच अन्न. आईपासून सुटी केली की संपली."

"आणि मेपलमध्ये?"

"तिथं सगळं उलटं. हे एवढं थोरलं झाड म्हणजे लेक. मुळं तिची, खोड तिचं, शेंड्यापर्यंत पाणी चढवणाऱ्या नळ्या तिच्या. फळाला पंख लावून पुढच्या पिढीला वाऱ्यावर सोडून देते ती, भिरभिरत कुठं पडेल तिथं पडो."

"मग आई कुठाय, मॅडम?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"फुलात. मोजक्या पेशी. नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. लेकीच्या पोटात बसलेली असते आणि लेकीच्याच जिवावर जगते."

"आमच्या घरी आई दिसते पण आणि ऐकू पण येते," तो पोरगा म्हणाला आणि वर्ग फुटला. एरवी बाई अशा वेळी हसत. त्या दिवशी त्यांनी फांदीची दोन पानं उगाच तोडली आणि तास लवकर सोडला.

सर त्यांच्या मागोमाग अंधाऱ्या खोलीत आले. बाई ट्रेवर फवारे मारत सुटल्या होत्या. सरांनी वाकून बघितलं. "यंदाही छत्र्या नाहीतच तुमच्याकडे. परीक्षेला पुन्हा कँटीनमागच्या गळक्या नळापाशी जाऊन शोधणार का? तिथं कुणी विचारत नाही तर बघा कशा तरारून उभ्या आहेत. लाडानं बिघडवलंत हो तुम्ही यांना."

"सर, मला तुमची मदत हवी आहे," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी आपला बेत सांगितला. शुक्रवार-शनिवार बाहेरगावी परीक्षक म्हणून जायचंय, तिथं हॉलमध्ये फोन चालत नाही, असं लेकीला सांगायचं. प्रत्यक्षात कुठं जायचं नाही. दिवसा घरासमोर कुठंतरी थांबून लक्ष ठेवायचं आणि रात्री सरांकडे, पलीकडच्याच गल्लीत, पाठ टेकायची. लेक एकटी राहते का, कशी राहते, ते एकदा डोळ्यांनी बघायचं. मग सोमवारी हो की नाही ते ठरवायचं.

ट्रेवर वाकलेले सर ताठ झाले. "बाई, हा प्रयोग आहे की हेरगिरी?"

"प्रयोग. निरीक्षणाशिवाय निष्कर्ष कसा काढू? एखादा ट्रे फवाऱ्याशिवाय किती टिकतो हे बघायला आपण तो बाजूला ठेवतोच की."

"ठेवतो. पण ट्रेला आपण खोटं सांगत नाही," सर म्हणाले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "बायकोला सांगतो गादी घालायला. पण मला हे पटलेलं नाही, हे लक्षात असू द्या."

शुक्रवारी दुपारी लेकीनंच आईची बॅग भरली. "ब्लडप्रेशरच्या गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. चार्जर घेतलास? खिडकीजवळ झोपू नकोस, तुला गार वारा बाधतो. रात्री काहीतरी पोटात घाल, नुसत्या चहावर राहू नकोस." बाईंनी मान हलवली. चोराच्या मनात चांदणं, तशी त्यांची गत झाली होती. लेकीच्या डोळ्याला डोळा द्यायची सोय नव्हती. त्या बॅग घेऊन खाली उतरल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या, आणि मागच्या गल्लीतून वळसा घालून पुन्हा आपल्याच रस्त्यावर आल्या.

घराच्या बरोबर समोर, पलीकडच्या फुटपाथवर एक जुना मेपल होता आणि त्याच्या शेजारी लाँड्री. बाई मेपलच्या बुंध्याआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुद्दाम विकत आणलेला काळा चष्मा डोळ्यांना लावला. झाडाची पंखवाली फळं गरगरत खांद्यावर पडत होती. ऊन नावाला नव्हतं. काळा चष्मा लावून झाडामागून डोकावणारी प्रौढ बाई सगळ्या रस्त्याला दिसत होती, फक्त बाईंना वाटत होतं आपण दिसत नाही.

"बाई, डोळे आलेत का?" लाँड्रीवालीनं दारातूनच विचारलं.

बाई दचकल्या. "तपासून घेतलेत. उजेड सोसत नाही."

"मग झाडाखाली काय उभ्या? आत या." तिनं कपड्यांचं बोचकं उचललं आणि स्टूल मोकळं करून दिलं. बॅगेकडे तिनं एकदा पाहिलं, पण गावाला निघालात की आलात, असं काही विचारलं नाही. बाई बसल्या. आत वाफेचा आणि साबणाचा वास होता, आणि बाहेर बरोबर समोर दुसऱ्या मजल्यावरची खिडकी.

खिडकीत लेक दिसत होती. यंत्रावर वाकलेलं डोकं, मधूनच वर होणारा हात. फोन करायची वेळ झाली तसा बाईंचा हात आपोआप पर्समध्ये गेला आणि त्यांनी तो मागं ओढला. पुढची वेळ झाली. पुन्हा तेच. जीव नुसता टांगणीला लागला होता. मध्येच लेक उठली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. ती कपडे चढवायच्या पुतळ्यासमोर उभी राहिली, त्याला काहीतरी म्हणाली, स्वतःच हसली, आणि मोजपट्टीची दोन टोकं धरून खोलीभर नाचायला लागली. चांगली रंगात येऊन, केस सोडून.

बाई बघतच राहिल्या. लेक त्यांच्यासमोर अशी कधीच नाचली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. आधी भीती वाटली, पडेल, टेबलाचा कोपरा लागेल. आणि भीतीच्या मागून एक दुखरी गोष्ट वर आली. मी घरात नसले की ही अशी असते तर.

लेक पुन्हा यंत्रावर बसली. बाईंनी जरा श्वास सोडला. तेवढ्यात खिडकीवरचा पडदा सर्रकन खाली आला.

झोपली वाटतं, बाई मनात म्हणाल्या. दमली असेल नाचून.

लाँड्रीवालीनं इस्त्री उभी केली. हात पुसले, भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढली आणि बाईंकडे वळली. "तुम्ही जाताय की मी जाऊ?"

"कुठं?"

"वर. पडदा पडला ना." मग बाईंचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला सांगितलेलं नाही होय तिनं."

बाईंचं लक्ष किल्लीवर होतं. त्यांच्याच घराची किल्ली, लाल दोऱ्यात ओवलेली. "ही तुमच्याकडे कशी?"

"तिनंच दिलीय, कधीची. फिट येणार असं वाटलं की ती पडदा ओढते. मी जरा वेळानं जाऊन बघून येते. चला आता, बोलत काय बसलात?"

बाईंनी ती किल्ली तिच्या हातातून ओढूनच घेतली. रस्ता कसा ओलांडला, जिना कसा चढला, त्यांना काही कळलं नाही. किल्ली भोकात जाईना, तेव्हा लाँड्रीवालीनं त्यांच्या हातातून घेऊन दार उघडलं.

लेक खाली सतरंजीवर होती, कुशीवर, डोक्याखाली पातळ उशी. झटके थांबत आले होते. एक हात तेवढा अजून थरथरत होता. बाई धावल्या आणि गुडघ्यांवर आदळल्या.

"धरू नका," मागून लाँड्रीवाली म्हणाली. "होईल शांत. बसा नुसत्या."

हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि हात मागं घेणं यांत फार अंतर असतं. त्या हात मांडीखाली दाबून बसल्या. हळूहळू श्वासाला लय आली. लाँड्रीवालीनं लेकीच्या ओठाजवळची लाळ टिपली, "माझी इस्त्री चालू आहे, संध्याकाळी डोकावते," म्हणाली आणि निघूनही गेली.

मग बाईंनी खोलीकडे पाहिलं. जन्मभर सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्या बाईंनी आपलीच खोली नीट पाहिलेली नव्हती. ही सतरंजी त्यांना कापड बेतायला अंथरलेली वाटायची. कात्री झाकणाच्या डब्यात होती आणि डब्याची कडी लावलेली. टेबलाच्या कोपऱ्यांना जाड कापड गुंडाळून टाके घातलेले. पडद्याच्या दोरीला लांब फीत जोडून ती पार जमिनीपर्यंत आणलेली. पोरगी आळशी आहे, उठायला नको म्हणून फीत लावलीय, असं बाई मागंच चेष्टेनं म्हणाल्या होत्या, आणि लेक हसली होती.

"आई?" लेकीनं डोळे किलकिले केले. जीभ जड होती. "शनिवार झाला?"

"नाही. शुक्रवारच आहे."

"मग परीक्षा?"

खोटं बोलायला बाईंकडे आणखी काही शिल्लक नव्हतं. "परीक्षा नव्हतीच. मी समोर लाँड्रीत बसले होते. तुला बघत."

लेकीनं डोळे मिटले. पाणी प्यायली, पुन्हा आडवी झाली. पुरतं भान यायला वेळ लागला आणि त्या वेळात बाईंनी तिच्या केसांवरून इतके हात फिरवले की शेवटी तिनंच तो हात धरून बाजूला ठेवला. "तू माझी परीक्षा घेत होतीस."

"हो."

"आणि मी नापास."

"कधीपासून लपवतेयस तू हे?"

"लपवत नाही. डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे. पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी येतात, कधीतरीच, आणि आधी जळकट वास येतो, तेवढ्यात मी आडवी होते. फक्त तुला सांगितलं नाही."

बाईंना ते फोन आठवले. आवाज असा का गं, असं त्या विचारायच्या, आणि लेक म्हणायची, डुलकी लागली होती. "का नाही सांगितलंस?"

"कारण तू कॉलेज सोडलं असतंस." लेक छताकडे बघत बोलत होती. "मागं एकदा वर्षभर बिनपगारी घरी बसली होतीस. आठवतं? दाराशी खुर्ची टाकून. मी बाथरूममध्ये गेले तरी बाहेरून हाका. तुझे ट्रे सगळे वाळून गेले तेव्हा. फिट दोन मिनिटांत जाते, आई. तुझी काळजी दिवसभर चालते."

बोलण्यासारखं होतं ते सगळं बाईंनी याच आठवड्यात फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. इतकी वर्षं त्या स्वतःला लिव्हरवर्टमधली ती हिरवी, पसरलेली आई समजत होत्या, जिच्या अंगावर लेक जगते. घरातली झाडं त्यांनी चुकीची ओळखली होती. इथं मेपल उभा होता, मुळं रोवून, आपल्या नळ्यांतून आपलं पाणी वर चढवत, आणि त्या कुठंतरी त्याच्या पोटात जपून ठेवलेल्या होत्या. बाहेरची हवा लागू नये म्हणून. त्यांना शरम वाटली. मग शरमेपेक्षा मोठा राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

"सोमवारी मी त्यांना नाही म्हणून कळवणार आहे," लेक म्हणाली.

"या फिटमुळे?"

"त्याची सोय होते. तिथल्या बायकांशी बोललेय मी, राहायला आणखी दोघी बरोबर आहेत. त्याची नाही भीती वाटत." ती उठून बसली. "तुझी वाटते. मी गेल्यावर तू या रिकाम्या घरात काय करशील? घंटा झाली की कुणाला फोन करशील? मी तिकडं बाह्या बेतत बसायचं आणि इकडं तू चपला घालून दाराशी उभी, हे दिसतं मला. नाही जमणार मला ते."

"म्हणजे तू मला सांभाळतेयस."

"कुणीतरी सांभाळायला नको?"

रागाला आता पत्ता सापडला. बाई उठल्या. सांधे कडकडले. "आत्ता तुला काय लागतं? खरं सांग."

"झोप. उठल्यावर खायला. बाकी काही नाही. लाँड्रीतल्या काकू संध्याकाळी बघून जातात."

बाईंनी दाराशी टाकलेली बॅग उचलली.

"कुठं निघालीस?"

"बाहेरगावी. उद्या संध्याकाळपर्यंत येणार नाही, असं सांगून गेले होते ना? मग येणार नाही."

"आई, वेड्यासारखं करू नकोस. सरांकडे जातेस का?"

"सरांकडे नाही. त्यांच्या गच्चीवरून आपली खिडकी दिसते."

"मग कुठं राहशील? तुला काही माहीत तरी आहे का? पोहोचलीस की लगेच फोन कर."

"नाही करणार," बाई म्हणाल्या.

लेकीच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. कपाळावर ती आठी, खालचा ओठ दातांत, डोळे आत्तापासूनच रस्त्यावर. हा चेहरा त्या रोज आरशात बघत होत्या. बॅग ठेवून द्यावी, तिला कुशीत घ्यावं, गेली नोकरी खड्ड्यात, असं त्यांना तीव्रपणे वाटलं. त्यांनी दार ओढून घेतलं. कुलूप लावायचं नव्हतं. त्यामुळे ओढून बघायचंही काही नव्हतं.

बसस्थानकावर पहिली जी बस लागली होती तिचं त्यांनी शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं. त्या गावात स्थानकासमोरच एक लॉज होतं. तिथल्या खोलीत बाई चपलांसकट पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. जेवण समोर आलं, ते त्यांनी तसंच झाकून ठेवलं. फोन त्यांनी उशीखाली ठेवला, मग कपाटात ठेवला, मग खाली जाऊन लॉजवाल्याकडे दिला आणि बजावलं, "वाजला तरच वर आणून द्या. मी मागायला आले तर देऊ नका." लॉजवाल्यानं वेडसर पाहुणे पाहिले नव्हते असं नाही, पण त्यानंही फोन दोन बोटांनीच धरला. त्या खाली मागायला गेल्याच. एकदा नाही, अनेकदा. तो शब्दाचा पक्का निघाला. मन काय काय दाखवत होतं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना अशी काळजी लागते त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांना लागत नाही त्यांना सांगून कळायचं नाही. फोन वाजला नाही.

शनिवारी संध्याकाळी बाई जिना चढून आल्या तेव्हा दार आधीच उघडं होतं. लेक उंबऱ्यात उभी होती, चप्पल घालून. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?" ती ओरडलीच. "हातात फोन धरून बसले होते मी. आपण करायचा नाही, करायचा नाही, म्हणून. माझा जीव जायची वेळ आली होती!"

बाईंनी बॅग खाली ठेवली. "मग? गेला?"

लेकीनं पायातली चप्पल काढली. "नाही," ती म्हणाली.

"माझाही नाही गेला. सोमवारी हो म्हणून कळव."